माशाच्या आतड्यातले जिवाणू: खाद्य आणि प्रतिजैविकं वापरणाऱ्या नवख्या मत्स्यपालकासाठी

तळ्यात सगळं ठीक चाललेलं असतं तेव्हाच एकदा पाग टाका. चांगले खातेपिते तीन-चार मासे काढा, डोक्यावर नेमका घाव घालून झटकन मारा आणि पोट उघडून बघा. निरोगी आतडं ज्याने कधी पाहिलेलंच नाही, त्याला बिघडलेलं आतडं ओळखू येत नाही. मत्स्यपालनात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिलं काम सांगतो. पाण्याचा रंग, माशांचं वजन, रोजची मर यांवर सगळ्यांची नजर असते. आतडं मात्र मासे पटापट मरायला लागेपर्यंत कुणी उघडत नाही.

काय बघायचं? आतड्याची भिंत पातळ पण चिवट असावी आणि तिच्यावर लाल ठिपके किंवा सूज नसावी. आत खाद्याचा लगदा असावा, पिवळसर पाणी किंवा नुसते वायूचे बुडबुडे नसावेत. यकृत फिकट किंवा ठिसूळ नसावं. पित्ताशयाकडेही लक्ष द्या. ते टम्म फुगलेलं आणि गडद हिरवं असेल तर माशाने बराच वेळ काही खाल्लेलं नाही. मासा खातो तेव्हा पित्त आतड्यात उतरतं, उपाशी माशाचं पित्त साठत राहतं. मोबाइलवर फोटो काढून तारीख टाकून ठेवा. तो पुढे लागणार आहे.

त्या नळीत राहतं कोण?

माशाच्या आतड्यातल्या एका ग्रॅम पदार्थात कोट्यवधी जिवाणू असतात. ते तिथे नुसते मुक्कामाला नसतात. माशाला स्वतःला न पचणारे काही घटक ते आंबवतात आणि त्यातून तयार होणारी ॲसिटेट, ब्युटिरेट यांसारखी आम्लं आतड्याच्या पेशींना उपयोगी पडतात. गोड्या पाण्यातल्या कार्प आणि तिलापिया माशांच्या पोटात सेटोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू मोठ्या संख्येने सापडतो आणि तो ब-१२ जीवनसत्त्व तयार करतो. हे जीवनसत्त्व तिलापियाच्या खाद्यात वेगळं घालावं लागत नाही, ते यामुळेच. झेब्रामाशावर २०१२ साली झालेल्या एका अभ्यासात जिवाणूविरहित वाढवलेल्या पिल्लांपेक्षा जिवाणू असलेल्या पिल्लांच्या आतड्याने जास्त चरबी शोषून घेतलेली दिसली. म्हणजे तुम्ही विकत आणलेलं खाद्य माशाच्या अंगी किती लागतं, यात या जिवाणूंचाही वाटा असतो.

दुसरं काम राखणदारीचं. आतड्याच्या आतल्या अस्तरावरची जागा आणि तिथलं अन्न आधीच वाटलं गेलेलं असेल, तर बाहेरून आलेल्या रोगकारक जिवाणूला पाय रोवायला जागा मिळत नाही. शेतकरी घरातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पीक दाट उभं असलं की तण दबतं आणि रान मोकळं झालं की आधी तणच उगवतं. या लेखातल्या बहुतेक सूचना या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

एरोमोनास आणि व्हिब्रिओ हे माशांना मारणारे जिवाणू म्हणून प्रसिद्ध आहेत, पण त्यांच्या कुळातले कितीतरी प्रकार निरोगी माशाच्या आतड्यातही असतात. त्यामुळे प्रयोगशाळेने आतड्यात एरोमोनास सापडल्याचं कळवलं, म्हणून लगेच औषधाकडे धावू नका. तो मूत्रपिंडात किंवा प्लीहेत सापडला, तर गोष्ट वेगळी. तिथे निरोगी माशात जिवाणू वाढायला नको असतात.

पहिली पायरी: आपल्या माशाचं पोट ओळखा

कार्प जातीच्या माशांना जठरच नसतं. अन्न सरळ आतड्यात येतं, म्हणून त्याच्याबरोबर आलेल्या जिवाणूंना आम्लाचा चटका बसत नाही. तिलापियाला जठर असतं आणि तिथलं आम्ल बरंच तीव्र असतं. गवत्यासारख्या शाकाहारी माशाचं आतडं त्याच्या शरीरापेक्षा लांब, वेटोळं घातलेलं असतं, तर मांसाहारी माशाचं आखूड आणि सरळ. लांब आतड्यात अन्न जास्त वेळ राहतं आणि जिवाणूंना आंबवायला सवड मिळते. आखूड आतड्यात ती सवड नसते, म्हणून मांसाहारी माशाला पिष्ट आणि तंतू जास्त झालेले लवकर बाधतात.

तेव्हा एका माशावर चाललेलं खाद्य दुसऱ्यावर चालेलच असं नाही. शेजारच्या तळ्यातला अनुभव ऐका, पण आधी त्याचा मासा कोणता ते विचारा.

दुसरी पायरी: खाद्य निवडताना पिशवीवरच्या प्रथिनांच्या आकड्यापुढे बघा

प्रथिनं किती टक्के आहेत हे सगळे बघतात. ती कशातून आली हे फार कमी जण विचारतात, आणि आतड्यातल्या जिवाणूंच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे.

मासळीचं कूट महाग होत गेलं तसतसं खाद्यात वनस्पतिजन्य प्रथिनं वाढली आणि त्यात सोयाबीन पेंड सर्वांत पुढे आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक रसाला अडवणारा घटक असतो. नीट भाजलं किंवा शिजवलं की तो बराचसा निकामी होतो. पण सोयाबीनमधले सॅपोनिन नावाचे घटक उष्णतेने जात नाहीत. सॅमन माशाच्या खाद्यात साधी सोयाबीन पेंड जास्त झाली की आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते, तिथल्या घड्या आखूड होतात आणि जिवाणूंची रचनाही बदलते. यामागे सॅपोनिन हे मोठं कारण मानलं जातं. अल्कोहोलने धुऊन काढलेल्या सोया प्रथिनात ते बहुतांशी निघून जातात, म्हणून मांसाहारी माशांच्या चांगल्या खाद्यात तशी प्रथिनं वापरतात. कार्प आणि तिलापिया सोयाबीन पुष्कळ सहन करतात, तरी अर्धवट भाजलेली पेंड त्यांनाही मानवत नाही.

पिष्ट वाढलं की ते आंबवणारे जिवाणू वाढतात. न पचलेलं प्रथिन आतड्याच्या शेवटापर्यंत पोचलं, तर तिथे कुजवणाऱ्या जिवाणूंचं फावतं, अमोनिया तयार होतो आणि विष्ठेचा वास बदलतो. म्हणून जास्त प्रथिनांचं खाद्य दिलं की मासा जास्त वाढेल, हा हिशेब एका मर्यादेपर्यंतच खरा आहे. न पचणारं प्रथिन तुमच्या खर्चाने चुकीच्या जिवाणूंना पोसतं आणि वर पाणीही बिघडवतं.

साठवणीबद्दल थोडक्यात, पण हे मनावर घ्या: पोती जमिनीपासून उचलून, भिंतीपासून सोडून, कोरड्या जागी ठेवा. बुरशी आलेलं खाद्य उन्हात वाळवून पुन्हा वापरू नका. बुरशी दिसेनाशी होईल, पण तिने सोडलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष उन्हाने जात नाही. खवट वास येणाऱ्या खाद्यातल्या तेलाचं ऑक्सिडीकरण झालेलं असतं आणि ते यकृत आणि आतड्याचं अस्तर दोन्हींना त्रास देतं.

तिसरी पायरी: खाद्य बदलायचं असेल तर हळूहळू

मी पाहिलेल्या एका तळ्यात जुनं खाद्य संपलं म्हणून एका सकाळी पूर्ण नवं खाद्य सुरू केलं गेलं. नव्या खाद्याचा दर्जा चांगला होता. तरीही चौथ्या दिवसापासून पाण्यावर लांब पांढरट धाग्यांसारखी विष्ठा तरंगू लागली आणि मासे अर्धं खाद्य सोडून देऊ लागले. मालकाला वाटलं रोग आला. काही दिवस खाद्य कमी केलं, जुनं खाद्य मिसळून दिलं आणि तळं पूर्ववत झालं. औषधाची पुडी तोवर फोडायची राहिली होती, हे त्या माशांचं नशीब.

आतड्यातल्या जिवाणूंची रचना नव्या खाद्याशी जुळवून घ्यायला वेळ घेते. दोन-तीन दिवस पाव भाग नवं, मग दोन-तीन दिवस निम्मं, मग पाऊण आणि मग पूर्ण, असा सात ते दहा दिवसांचा टप्पा ठेवा. पाणी थंड असेल तर आणखी लांबवा. माशाच्या शरीराचं तापमान पाण्याइतकंच असतं, त्यामुळे गारव्यात पचनही मंदावतं आणि जिवाणूंचा बदलही.

दाण्याचा आकार वाढवतानाही हीच पद्धत. आणि बोटुकली विकत आणणार असाल, तर ती कोणत्या खाद्यावर वाढली ते विचारून त्यातलं थोडं खाद्य सोबत मागून घ्या. प्रवासाचा ताण, नवं पाणी आणि नवं खाद्य हे तीन धक्के एकाच दिवशी देऊ नका.

चौथी पायरी: किती आणि कसं द्यायचं

दहा-पंधरा मिनिटांत संपेल एवढंच खाद्य. तरंगतं खाद्य असेल तर डोळ्यांना दिसतं. बुडणारं असेल तर खाद्याचा ट्रे सोडून वर काढून बघावा लागतो. भूक कमी झाली तर त्याच दिवशी खाद्य कमी करा. अति खाल्लेल्या माशाच्या आतड्यातून अन्न घाईघाईने, अर्धवट पचून पुढे सरकतं. ढगाळ हवा, विरघळलेला ऑक्सिजन कमी, पाणी अचानक गार झालेलं, अशा दिवशी हात आखडता घ्या. उपासाचाही जिवाणूंवर परिणाम होतो. एक-दोन दिवसांनी काही बिघडत नाही, पण लांब उपासानंतर पूर्ण खाद्य एकदम सुरू करू नका.

पाचवी पायरी: प्रोबायोटिककडून योग्य तेवढीच अपेक्षा

प्रोबायोटिक म्हणजे आतड्याला उपयोगी असे जिवंत जिवाणू. बाजारात त्यांची पाकिटं भरपूर आहेत. घेताना जिवाणूचं नाव, प्रति ग्रॅम जिवंत जिवाणूंची संख्या आणि वापराची मुदत या तीन गोष्टी छापलेल्या नसतील तर पाकीट परत ठेवा. बॅसिलस जातीचे जिवाणू बीजाणू, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपं, तयार करतात, त्यामुळे खाद्यनिर्मितीतली उष्णता ते बऱ्यापैकी सहन करतात. लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस नाजूक असतात. ते तयार, थंड खाद्यावर थोड्या तेलातून चोळावे लागतात आणि असं खाद्य लगेच वापरावं लागतं.

बहुतेक प्रोबायोटिक आतड्यात कायमचे रुजत नाहीत. देणं थांबवलं की काही दिवसांत त्यांची संख्या ओसरते. म्हणून महिन्यातून एकदा मूठभर टाकण्याला अर्थ नाही. ताणाच्या काळात, म्हणजे वाहतुकीनंतर, खाद्यबदलात किंवा औषधाचा कोर्स संपल्यावर, सलग दोन-तीन आठवडे द्या. यीस्टच्या भिंतीतला बीटा-ग्लुकान किंवा इन्युलिन या वनस्पतीतल्या तंतूसारखे घटकही उपयोगी पडतात, पण इन्युलिन जास्त झालं तर काही माशांच्या आतड्याला ते त्रासदायक ठरतं. घाण पाणी आणि खवट खाद्य यांवर कोणतंही पाकीट उतारा नाही.

सहावी पायरी: मर सुरू झाली, तरी औषधाआधी हे करा

इथे घाई होते आणि इथेच सर्वांत मोठं नुकसान होतं, म्हणून या पायरीवर थोडं थांबू या.

आधी पाणी मोजा: विरघळलेला ऑक्सिजन, अमोनिया, नायट्राइट, पीएच, तापमान. ऑक्सिजनचं माप पहाटे घ्या, तेव्हाच तो सर्वांत कमी असतो. लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला असेल, तर मासे गुदमरताहेत, त्यांना एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) हवा आहे. मग कल्ल्यांचा आणि अंगावरच्या बुळबुळीत थराचा ओला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघा किंवा बघून घ्या. परजीवी असतील तर प्रतिजैविक त्यांना काही करत नाही. विषाणूंवर आणि बुरशीवरही त्याचा उपयोग नाही. अशा वेळी दिलेलं प्रतिजैविक फक्त आतड्यातली राखण उठवतं.

जिवाणूचा संशय उरला, तर नुकतेच आजारी पडलेले, अजून जिवंत असलेले मासे प्रयोगशाळेत पाठवा. मेलेल्या माशात काही तासांत कुजवणारे जिवाणू सगळीकडे पसरतात आणि खरा गुन्हेगार सापडत नाही. औषधाचा पहिला घास देण्याआधी नमुना जायला हवा. कोणता जिवाणू आहे आणि कोणत्या प्रतिजैविकाने तो मरतो, ही दोन्ही उत्तरं मागा. दुसऱ्या उत्तरासाठी जिवाणू वाढवलेल्या ताटलीवर औषधाच्या चकत्या ठेवतात आणि चकतीभोवती किती मोकळं वर्तुळ पडतं ते मोजतात.

सातवी पायरी: प्रतिजैविक आतड्यात काय करतं ते समजून घ्या

माशांना औषध बहुधा खाद्यातून दिलं जातं, म्हणजे ते सर्वांत आधी आणि सर्वांत दाटपणे आतड्यातल्या जिवाणूंना भेटतं. ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचं उदाहरण घ्या. माशाच्या आतड्यातून रक्तात ते फार कमी शोषलं जातं, कारण कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी त्याची गाठ बसते. उरलेला मोठा भाग विष्ठेतून पाण्यात आणि तळाच्या गाळात जातो. ज्या मूत्रपिंडातल्या रोगजंतूसाठी औषध दिलं त्याला थोडं मिळतं, आणि ज्या आतड्याचा काही दोष नाही त्याला सगळ्यात जास्त.

अटलांटिक सॅमनवर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑक्सिटेट्रासायक्लिननंतर आतड्यातल्या जिवाणूंचं वैविध्य घटलं आणि उरलेल्यांत एरोमोनासचं प्राबल्य होतं. रान मोकळं झाल्यावर तण उगवतं ते असं. औषध संपल्यावर जिवाणूंची एकूण संख्या लवकर भरून येऊ शकते, पण रचना पूर्वीसारखी व्हायला जास्त वेळ लागतो, आणि त्या मधल्या काळात मासा दुसऱ्या रोगाला सहज बळी पडतो. एक रोग आटोक्यात आला आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसराच उद्भवला, ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की कोर्सनंतरचे दिवस मी कोर्सइतकेच महत्त्वाचे मानतो.

प्रतिकाराचा धोका याच ठिकाणी वाढतो. औषधातून वाचलेल्या जिवाणूंकडे प्रतिकाराची जनुकं असतात आणि त्यातली पुष्कळशी प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळांवर असतात. ही वर्तुळं एका जातीचा जिवाणू दुसऱ्या जातीच्या जिवाणूला देऊ शकतो. आतडं ही दाटीची, अन्नाने भरलेली जागा आहे, त्यामुळे देवाणघेवाण सोपी होते. उद्या ती जनुकं माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूतही पोचू शकतात.

वाढीसाठी थोडं थोडं प्रतिजैविक रोज द्या, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. युरोपीय संघाने पशुखाद्यातला असा वापर १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंद केला. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही औषधं खाण्याच्या माशांत अनेक देशांत पूर्ण बंदी असलेली आहेत. औषधाशिवाय भागतं का, असं विचारणाऱ्यांसाठी नॉर्वेचं उदाहरण आहे. तिथल्या सॅमनपालनात १९८७ साली ५० टनांच्या आसपास प्रतिजैविकं वापरली गेली. पुढे परिणामकारक लस आली, पिंजऱ्यांच्या जागांचं नियोजन सुधारलं आणि १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात हा वापर एका टनाच्या आसपास उतरला. उत्पादन मात्र वाढतच गेलं होतं. तुमच्या माशासाठी लस उपलब्ध असेल तर पुढच्या हंगामाआधी तिची चौकशी करा.

आठवी पायरी: द्यायचंच ठरलं तर हिशेबाने

औषध आणि मात्रा मत्स्यवैद्यकाने ठरवायची. खालचे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत.

समजा, तळ्यात सरासरी २०० ग्रॅमचे २,००० मासे आहेत, म्हणजे ४०० किलो. डॉक्टरांनी माशाच्या किलोमागे रोज ५० मिलिग्रॅम औषध सांगितलं, तर रोज २० ग्रॅम शुद्ध औषध लागेल. पाकिटात औषधाचं प्रमाण ५० टक्के असेल तर भुकटी ४० ग्रॅम. मासे वजनाच्या २ टक्के खात असतील तर खाद्य ८ किलो, म्हणजे किलोला ५ ग्रॅम भुकटी. आता चूक कुठे होते ते बघा. आजारी मासे निम्मंच खात असतील आणि तुम्ही किलोला ५ ग्रॅम हेच प्रमाण धरून ४ किलो खाद्य दिलं, तर माशाच्या पोटात निम्मी मात्रा जाते. अशी अर्धवट मात्रा रोगजंतूला मारत नाही, त्याला सराव देते. खाणं कमी झालं असेल तर तेच ४० ग्रॅम ४ किलोत बसवावं लागतं, आणि त्याआधी डॉक्टरांना विचारावं लागतं.

भुकटी थोड्या खाद्यतेलात कालवून दाण्यांवर एकसारखी चोळा, सावलीत वाळवा, त्याच दिवशी वापरा. मासे पटकन संपवतील एवढंच द्या, म्हणजे औषध पाण्यात विरघळून वाया जाणार नाही. जे मासे अजिबात खात नाहीत त्यांना खाद्यातून औषध पोचत नाही. त्यांना बाहेर काढा. कोर्स जितक्या दिवसांचा सांगितला तितके दिवस पूर्ण करा, मर तिसऱ्या दिवशी थांबली तरी.

पाणी फिरवून वापरणाऱ्या टाकीत औषध पाण्यात मिसळायचं असेल तर आधी जैविक गाळणी वेगळी करा. तिच्यातले अमोनिया पचवणारे जिवाणूही प्रतिजैविकाने मरू शकतात, आणि मग अमोनिया आणि नायट्राइट चढून रोगातून वाचलेले मासे त्याने मरतात. औषध खाद्यातून दिलं तरी कोर्सभर हे दोन्ही रोज मोजा.

नववी पायरी: कोर्स संपल्यानंतर

पहिला आठवडा खाद्य नेहमीच्या निम्म्या-पाऊण प्रमाणात, ताजं आणि पचायला हलकं. खाद्याचा प्रकार या काळात बदलू नका. जिवाणूंचं प्रोबायोटिक आता सुरू करा. कोर्स चालू असताना दिलेलं बहुधा औषधानेच मरतं. पकडणं, प्रतवारी, वाहतूक ही कामं शक्य असेल तर तीन-चार आठवडे पुढे ढकला. दर आठवड्याला तीन मासे काढून पोट उघडा आणि पहिल्या दिवशीच्या फोटोशेजारी ठेवून बघा.

मासे बाजारात कधी पाठवायचे, हे औषधाच्या पाकिटावरच्या प्रतीक्षाकाळावर ठरतं. तो कधी दिवसांत असतो, कधी अंश-दिवसांत. अंश-दिवस म्हणजे पाण्याचं तापमान गुणिले दिवस. ५०० अंश-दिवस सांगितले असतील तर २५ अंशांच्या पाण्यात २० दिवस थांबायचं आणि १० अंशांच्या पाण्यात ५० दिवस, कारण गार पाण्यात माशाच्या शरीरातून औषध सावकाश बाहेर पडतं. या काळात तळ्याचं पाणी ओढ्यात किंवा दुसऱ्या तळ्यात सोडू नका, आणि गाळ उपसायचा असेल तर तोही थांबवा.

वहीत लिहा: तारीख, माशांचं एकूण वजन, पाण्याचं तापमान, लक्षणं, प्रयोगशाळेचा अहवाल, औषधाचं नाव आणि बॅच क्रमांक, रोजची मात्रा, रोज किती खाल्लं, किती मेले, कोर्स कधी संपला, खाद्य कोणतं चालू होतं. पुढच्या वेळी मर सुरू झाली की डॉक्टर पहिल्यांदा हेच पान उघडायला सांगतील.